फुली आणि गोल

पिशव्या टांगून झाल्या त्याच दुपारी बाबांनी मार्कर मागवला आणि प्रत्येक पिशवीच्या एका टोकाला फुली काढली, दुसऱ्या टोकाला गोल. बाबा म्हणजे माझे सासरे. एकशे साठ पिशव्या होत्या. मान वर करून करून शेवटी त्यांना घेरी आली, तेव्हा सासूबाईंनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि पाणी दिलं.

“हे कशासाठी?” नवऱ्याने विचारलं.

“आज फुली वर. उद्या गोल वर. कुठली फिरवली, कुठली राहिली, कळायला नको?”

“बाबा, अहो ही अंडी नाहीत. अळिंबी आहे.”

“आत जीव आहे ना?”

“आहे.”

“मग झालं.”

एकतीस वर्षं बाबांनी ह्याच खोलीत अंडी फिरवली होती. उबवणीची मशिनं आली तरी निवडक अंडी पोल्ट्रीच्या मालकाने बाबांच्या हाताखालीच ठेवली. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल, आणि दिवसातून तीन वेळा फिरवणं. अंगात ताप असला तरी त्यात खंड नाही. अंडं एका कुशीवर राहिलं की पिल्लू कवचाला चिकटतं, हे वाक्य मी लग्न होऊन आले त्या पहिल्या आठवड्यातच तीन वेळा ऐकलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात कोंबड्यांत रोग आला. पांढरे कपडे घातलेली माणसं आली, शेडच्या मागे खड्डा खणला गेला आणि दोन दिवसांत सगळं शांत झालं. मशिनं विकली गेली. नवरा पिल्लांची गाडी चालवायचा, ती गाडीही गेली. मागे राहिली लांबलचक पत्र्याची शेड, तिच्या टोकाची जाड भिंतींची उबवणीची खोली आणि तिला लागून आमच्या दोन खोल्या. त्या खोल्या कामाबरोबर मिळालेल्या. काम गेल्यावर त्या कुणाच्या, हे घरात कुणी तोंडावर आणत नव्हतं. मालकाने आणलं. माणूस वाईट नाही. गाडीतून उतरून आमच्या ओट्यावर बसला, चहा घेतला, मग बोलला.

“ह्या जागेसाठी गोदामवाला मागे लागलाय. थंडी संपेपर्यंत त्याला थोपवतो. तेवढ्यात तुमचा माल कायम उचलणारा कुणी ठरला, तर शेडही तुमच्याकडे आणि खोल्याही. नाही ठरला, तर मग माझा इलाज नाही.”

“ठरेल,” बाबा म्हणाले. जणू मालकालाच धीर देत होते.

नवरा चार दिवस शिकायला जाऊन आला होता. येताना एक पुस्तिका घेऊन आला, ती मी दोनदा वाचली. पेंढा उकळा, निथळा, थर द्या, थरावर बियाणं पसरा, पिशवी बांधा, भोकं पाडा, टांगा. एका लावणीचे तीन तोडे मिळतात, पुढचा तोडा मागच्यापेक्षा कमी. पिशव्या उलटवू नयेत असं कुठे लिहिलं नव्हतं. असं कुणी करेल हे लिहिणाऱ्याच्या मनात तरी कशाला येईल.

पेंढा उकळायला तेलाचं पिंप होतं. नवरा बांबूने पेंढा दाबून धरायचा आणि वाफ तोंडावर आली की मान वळवायचा. उजव्या हाताच्या कोपराखाली त्याला भाजलेलं होतं, त्यावर पेंढ्याची कुसळं चिकटायची. सासूबाई आणि मी निथळलेला पेंढा पिशव्यांत दाबायचो. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली, मूठ वळत नसे, म्हणून त्या कोपराने दाबायच्या आणि दर पिशवीला म्हणायच्या, “बस गं बाई, बस आत.” माझी मुलगी दाराशी गोधडीवर असायची. रात्री तिच्या केसांतून पेंढा निघायचा.

बाबांनी स्वतःचं डोकं चालवून प्रत्येक पिशवीला दोन्ही टोकांना सुतळीचे फास केले. एक फास आकड्यातून काढायचा, पिशवी छातीशी धरायची, कोलांटी द्यायची आणि दुसरा फास आकड्यात अडकवायचा. ओली पिशवी लहान मुलाएवढी जड. एकशे साठ. रोज सकाळी.

आणि सुरुवातीला ते बरोबरच ठरलं. पिशव्यांतून अळिंबीचा पांढरा तंतू असा सारखा पसरला की एकही डाग नाही. नवऱ्याबरोबर शिकलेल्या दुसऱ्या एकाच्या पिशव्यांत खाली पिवळं पाणी साठून सडका वास सुटला होता. तो बघायला आला आणि आमच्या पिशव्यांना हात लावून म्हणाला, “काका, हात आहे बुवा तुमच्याकडे.”

“हाताला सवय आहे,” बाबा म्हणाले.

“सवय कसली, खोड आहे,” सासूबाई आतून म्हणाल्या. “झोपेत उशी फिरवतात. माझं डोकं असतं तिच्यावर.”

बाबांनाही हसू आलं.

सतराव्या दिवशी भोकांतून कोंब दिसले. टाचणीच्या डोक्याएवढे, राखाडी, एकाला एक चिकटलेले. आम्ही चौघंही खोलीत उभे राहून बघत होतो. कोंब आता तीन-चार दिवसांत तोडणीला येणार होते. नवऱ्याने मालवाल्याला फोन लावला. हा मालवाला मोठमोठ्या हॉटेलांना भाजी पोचवायचा. तो म्हणाला, माल बघतो, आवडला तर दर आठवड्याला गाडी पाठवतो. आमचं जे काही व्हायचं ते ह्या एका माणसावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी फवारायला गेले. बाबांनी नुकत्याच पिशव्या उलटवल्या होत्या. काल वर तोंड करून निघालेले कोंब आता खाली तोंड करून लोंबत होते. संध्याकाळी परत गेले तेव्हा ते लोंबत नव्हते. त्यांनी माना वर वळवल्या होत्या. बारीक देठांना गळ असतो ना मासे धरायचा, तसा आकार आला होता.

मी पंप खाली ठेवला.

कॉलेजात पहिल्या वर्षाला आम्ही एक प्रयोग केला होता. मोड आलेल्या बियांच्या कुंड्या कपाटात, अंधारात, आडव्या ठेवायच्या. दोन दिवसांनी बघायचं तर सगळे कोंब काटकोनात वळून वर बघतायत. उजेड नसतानाही त्यांना वर कुठे आहे ते कळतं, गुरुत्वाकर्षणामुळे. मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीपर्यंत शिकलेली. पण अळिंबी ही वनस्पती नाही हेही तिथेच शिकवलेलं. मग तिलाही तसंच कळतं का? पुस्तकात कधीतरी एक परिच्छेद वाचल्याचं आठवत होतं, टोपीच्या खालच्या पडद्या जमिनीकडे सरळ राहाव्यात म्हणून देठ वळतो असं काहीतरी. त्याची परीक्षेला गॅरंटी नव्हती, म्हणून मी तो सोडून दिला होता.

नवरा पिंपाखाली लाकडं सारत होता. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, दोघंच असलो की अरे.

“अरे, फिरवणं थांबवायला हवं. देठ वाकतायत.”

“खात्री आहे?”

“जवळजवळ.”

“मग तू सांग बाबांना. शिकलेली तू.”

“मुलगा तू आहेस.”

“म्हणून तर,” तो म्हणाला आणि धूर डोळ्यांत गेल्यासारखं केलं.

मला सांगता आलं असतं. का नाही सांगितलं, ते माझ्या मुलीपाशी येऊन थांबतं.

ती दोन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. पाळणा भिंतीला लागून असायचा, दार उजवीकडे, उजेड उजवीकडे, मी उजवीकडे. ती कायम उजवीकडे मान टाकून झोपायची. बाबा एकदा म्हणाले, “सूनबाई, पोरीची मान फिरवत जा मधूनमधून. एका अंगाला डोकं बसेल तिचं.” मी फोनवर सगळं वाचत होते, मूल पाठीवर झोपवावं एवढं मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, “बाबा, ते अंडं नाही.” सगळे हसले, बाबाही हसले. चौथ्या महिन्यात लस द्यायला नेली तेव्हा नर्सबाईने तिच्या डोक्यावरून तळवा फिरवला आणि तो मागे उजवीकडे थांबवला. “पाठीवर झोपवता ते बरोबर, पण मान कायम एकीकडेच? हे चपटं झालंय. मानही आखडलीय. घरात कुणाच्याच लक्षात नाही आलं?”

“नाही,” मी म्हटलं.

बाबा माझ्या मागेच पिशवी धरून उभे होते. त्यांनी ऐकलं. दवाखान्यातून घरी येईपर्यंत ते पोरीशी बोलत राहिले, माझ्याशी नाही. पण त्याबद्दल एक शब्दही त्यांनी कधी काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. काढला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्या दिवसापासून मी दिवसातून तीनदा तिची मान डावीकडे वळवून धरायची. ती रडायची, आणि माझं मलाच वाटायचं की मला काय कळतं.

तरीही सांगायचं म्हणून मी चहा घेऊन खोलीत गेले. बाबा पिशवी छातीशी धरून उभे होते, सदरा ओला, गळ्याच्या शिरा ताठ.

“बघ,” ते म्हणाले, “कशा माना उचलतायत. हात ओळखायला लागलेत.”

मी चहा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. “गार होईल,” म्हटलं आणि बाहेर आले.

चौथ्या दिवशी तोडा झाला. माल टोपल्यांत घातला. एकही देठ सरळ नव्हता. एकदा वर, एकदा खाली, परत वर, असे नागमोडी. टोप्या तिरप्या बसलेल्या. काहींना काठावर दुसरा ओठ फुटलेला, काहींच्या खालच्या पडद्या वर आल्यासारख्या उघड्या पडलेल्या. घोस टोपलीत नीट बसेनात. एक दाबला की दुसरा मोडायचा.

मालवाला दुपारी आला. तरणा, पायात पांढरे बूट, ते चिखलात बुडू नयेत म्हणून विटेवरून विटेवर पाय टाकत आला. त्याने एक घोस उचलला, फिरवून बघितला, परत फिरवला.

“काका, ह्याचं तोंड कुठलं?”

बाबांनी हात पुढे करून घोस त्याच्या हातात सरळ केला.

“असं होय.” तो हसला, वाईट मनाने नाही. “अहो हे काय, अळिंबीला झोका दिलात काय? ताटात ठेवलं तर गिऱ्हाईक विचारेल, कुणी चावून ठेवलीय का म्हणून.”

“चवीला तीच आहे,” नवरा म्हणाला.

“चव तोंडात गेल्यावर ना, दादा. आधी डब्यात बसायला हवी. माझ्या डब्यात टोपीवर टोपी बसते. ही एकमेकींच्या पोटात पाय घालतात.” मग बाबांकडे बघून तो जरा मऊ झाला. “पहिलाच तोडा आहे, होतं. दुसरा बघायला येतो मी. तो नीट निघाला तर आपलं ठरलं. नाहीतर माझाही वेळ जातो, काका.”

त्याने माल नेला नाही. आम्ही तो दोन दिवस खाल्ला, शेजारी वाटला, उरलेला पत्र्यावर वाळवला.

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले होते. दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवलेले. सुतळीने बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या.

“माझंच चुकलं,” ते म्हणाले. “फिरवणं कमी पडलं. एकदा फिरवून काय होतंय? अंडी आपण तीनदा फिरवायचो. फिरवणं कमी पडलं की पिल्लू असंच वाकडं निघतं, मान पायात अडकलेली. पुढचा तोडा तीनदा.”

“आणि कंबर कुणाची?” सासूबाई म्हणाल्या. “तुमची की मशिनची?”

“माझी.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मुलीच्या तोंडाला पदर लावला, जणू लाळ पुसायची होती.

दुसऱ्या दिवशी बाबा दुकानात गेले तेव्हा मी एक पिशवी आकड्यावरून काढली आणि न्हाणीच्या मागे, जिथे जुनी पत्र्याची घमेली ठेवतो त्या कोनाड्यात टांगली. फुली वर. वरून ओलं गोणपाट टाकलं. बाबांना मोजणीत एक कमी लागेल ह्याची धास्ती होती. लागलीच. “एकशे एकोणसाठ कशा?” त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, “एक पळून गेली असेल तुमच्या हाताला कंटाळून.” त्यांना ठाऊक होतं का, मला आजही माहीत नाही.

नऊ दिवसांनी परत कोंब आले. बाबा आता सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला फिरवत होते. रोज चारशे सत्त्याहत्तर वेळा पिशवी छातीशी. तिसऱ्या खेपेला ते पिशवी आकड्यात घालायच्या आधी क्षणभर कपाळ तिला टेकवायचे. नवरा मदतीला गेला की म्हणायचे, “तुझा हात वेगळा, त्यांना कळतं.” रात्री जेवताना हात वर उचलत नसे, म्हणून ते ताटाजवळ वाकून जेवायला लागले.

ह्या वेळी कोंबांनी माना वळवल्याच नाहीत. कुणीकडे वळायचं तेच त्यांना उमजत नसावं. ते बोटांसारखे सरळ बाहेर आले, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, कुणी परत पिशवीकडे, जाडजूड, बिनटोपीचे. टोपी धरायची जागाच त्यांना सापडेना.

न्हाणीमागची पिशवी मी रोज बघत होते. कोंब आल्यानंतर तिसऱ्या सकाळी गोणपाट उचललं. भोकाभोकातून घोस वर उठलेले, देठ एका वळणात उभे, टोप्या एकीवर एक अशा पसरलेल्या, सगळ्या सपाट, सगळ्या आकाशाकडे पाठ करून. मी पडद्यांखाली बोट फिरवलं. एक रेघ इकडची तिकडे नव्हती. इतकं नीट काही मी त्या घरात बघितलं नव्हतं.

पुराव्यानिशी सांगायचं म्हणून मी थांबले होते. पुरावा हातात आला तेव्हा दुसरा तोडा वाया गेलेला होता.

मी पिशवी उचलली, अगदी उभी धरून, आणि खोलीत नेली. बाबा दुपारची खेप सुरू करत होते. नवरा दारात होता.

“बाबा, ही मी बाजूला ठेवली होती. हिला हात लावला नाही. एकदाही फिरवली नाही.”

बाबांनी हातातली पिशवी आकड्याला लावली. मग जवळ आले. घोसाखाली तळवा धरला, अंड्याखाली धरावा तसा, वजन घेतलं. टोपीवर अंगठा ठेवला आणि हलकेच उचलला, तिथे ठसा उमटतो का बघितलं.

“ही आपलीच?”

“आपलीच. त्याच दिवशी भरलेली.”

“पाणी?”

“तेवढंच.”

“म्हणजे नुसतं टांगून ठेवायचं होतं.”

मी पिशवी तशीच उभी धरून होते.

“काहीच करायचं नव्हतं,” ते म्हणाले. एकशे एकोणसाठ पिशव्यांकडे त्यांनी ओळीने बघितलं. “कधीपासून माहीत होतं तुला?”

परवा कळलं म्हणता आलं असतं. नवऱ्याने डोळ्याने तेच सुचवलं होतं.

“पहिल्या तोड्यापासून,” मी म्हटलं. “कोंब वळले त्या दिवसापासून.”

बाबांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावायला जे लागतं ते त्यांच्या अंगात उरलं नव्हतं.

“बोलायचंस,” ते म्हणाले. मग सुतळीचे कापलेले तुकडे खाली पडले होते, ते वाकून वेचायला लागले.

मालवाला आला तो उतरलाही नाही. नवऱ्याने गाडीच्या खिडकीतून त्याला न्हाणीमागचा घोस दाखवला. “असा देऊ आम्ही पुढच्या वेळी. चूक कळलीय आमची.”

“सुरेख आहे,” तो म्हणाला. “किती आहे असा?”

“हा एक.”

त्याने घोस परत दिला. त्याची दर आठवड्याची गाडी त्याने मागच्याच आठवड्यात दुसऱ्याकडे लावली होती. “वाईट वाटून घेऊ नका. मला सोमवारी डबे भरायचेच असतात. तुमची वाट बघून हॉटेल बंद ठेवता येत नाही.” काच वर करता करता त्याने बाबांना नमस्कार केला. बाबांना तो दिसला नाही.

तिसरा तोडा कुणी हात न लावता आला. खोलीत फक्त मी जायचे, पाणी मारायला. बाबा दाराच्या बाहेर बसायचे, पाठ खोलीकडे. कधी कधी फिरवायची वेळ झाली की त्यांचा हात आपोआप उठायचा, मग ते तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवायचे. माल निघाला तो देखणा होता. थोडासाच, पिशव्यांतला कस संपत आला होता. नवऱ्याने पाटीवर केळीचं पान अंथरून तो सायकलवर बाजारात नेला. कुणाला एवढ्याशा मालाचं काय करायचं ते कळेना. एकीने विचारलं, “विषारी तर नाही ना?” अंधार पडायच्या आत तो पाटी घेऊन परत आला. टोप्यांच्या कडा सुकून वर वळल्या होत्या.

“पुढची लावणी नीट करू,” मी म्हटलं. “आता कळलंय आपल्याला.”

“कुठे करू?” त्याने विचारलं.

थंडी संपली. मालक आला तेव्हा बरोबर गोदामवाला होता. त्याच्या हातात टेप होता, त्याचं एक टोक त्याने बाबांनाच धरायला दिलं. बाबांनी ते धरलं. भिंतीला नीट लावून, जराही ढिलं न सोडता, खोलीच्या चारही बाजू मापून होईपर्यंत धरून ठेवलं. गोदामवाला म्हणाला, “हे आकडे काढावे लागतील.” नवऱ्याने पान्हा आणला. एकशे साठ आकडे काढायला एक दिवस लागला. पिशव्या आम्ही मागच्या खड्ड्याच्या जागेवर नेऊन ओतल्या. मालकाने मुलीच्या हातात खाऊचा पुडा दिला आणि आठ दिवसांची मुदत दिली. आम्ही सहाव्या दिवशी निघालो. सासूबाई म्हणाल्या, हाकलायची वाट कशाला बघायची.

नवऱ्याला शहराच्या कडेला विटा उतरवायचं काम मिळालं. खोली टायर दुरुस्तीच्या दुकानावर, एकच. जिना लोखंडी, चढताना हलणारा. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की आमची भांडी वाजायची. सामान वर आणायला दुपार झाली. सासूबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर दम खात बसल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, “माझ्यात पण जरा हवा भर बाबा.” तो हसला. आम्ही हसलो नाही, पण जरा बरं वाटलं.

मी मुलीला गोधडीवर ठेवून चूल कुठे मांडायची ते बघत होते. बाबा पाण्याचा हंडा घेऊन वर आले. काठोकाठ भरलेला. खोलीच्या मध्ये येऊन ते थांबले.

“सूनबाई, हा कुठे ठेवू?”

“ठेवा ना बाबा, कुठेही.”

ते तसेच उभे राहिले. एका कोपऱ्याकडे बघितलं, मग दुसऱ्या. हंड्याचा काठ छातीला टेकला होता आणि सदऱ्यावर ओल पसरत होती.

“इथे भिंतीशी चालेल?”

“चालेल.”

“का मोरीजवळ?”

“मोरीजवळही चालेल. काही फरक नाही पडत, बाबा. ठेवा. जड आहे.”

“फरक पडत नाही असं कसं,” ते हळू म्हणाले. “नक्की सांग. मला नाही कळत.”

नवरा खाली पलंगाची पट्टी जिन्यात अडकली म्हणून ओरडत होता. मी उठले आणि हंडा घ्यायला हात पुढे केले. त्यांनी तो सोडला नाही. माझ्या तोंडाकडे बघत, सांगायची वाट बघत उभे राहिले.